काळा करून घेतलेला डोळा

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पांढुर्णा छिंदवाड्यातून तुटून वेगळा जिल्हा झाला तेच साल. तिगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं बापानं हातात कैची दिली. लांबून झाड पाहून त्याच्यावर किती माल आहे ते मी सांगतो आणि व्यापारी माझं ऐकून बोली लावतात. माझ्या नजरेवर माझा केवढा भरवसा होता ते कळावं म्हणून हे सांगून राहिलो, कारण पुढचं सगळं मी त्या भरवशावरच केलं.

घरी आम्ही चार माणसं. मी, मुलगा गजू, सून ज्योती आणि नात आरवी. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आरवीला मी पोट्टीच म्हणतो, आमच्याकडं लाडानं तसं म्हणतात. तिला डोळ्याचा कॅन्सर झाला आणि तो डोळ्याच्या बाहेर गेला. ज्याच्या घरी असं लेकरू आहे त्यानं वाचावं म्हणून हे लिहितो. धीर देण्यासाठी लिहीत नाही. धीर देणारे मला पोतंभर भेटले, त्यांच्या धीरानं एक दिवसही तिचा ताप उतरला नाही.

फोटो

त्या वर्षी वैशाखात सौंसरला ज्योतीच्या चुलतभावाचं लग्न होतं. पोट्टी दीड वर्षाची. माझ्या मांडीवर बसलेली, लाल फ्रॉक, हातात बुंदीचा लाडू. ज्योतीनं मोबाईलवर फोटो काढला. फोटो एवढा चांगला आला की मी म्हटलं, हा मोठा करून भिंतीवर लावायचा.

एकच खोट होती. डावा डोळा काळा आला होता आणि उजवा पांढरा. अंधारात मांजरीवर बॅटरी मारावी तसा.

ज्योती म्हणाली, "मामाजी, मले हे बराबर नाही वाटून राहिलं. संध्याकाळी दिव्याजवळ पण तिचा डोळा असाच चमकते."

"फ्लॅशचं आहे ते."

"एकाच डोळ्याले?"

"तुले फोटोचं काम पण शिकवलं काय मास्तरनं?"

तिचे वडील सौंसरला शाळेत मास्तर होते. मास्तर हा शब्द मी असा काढला की तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

पांढुर्ण्यात मनोहरचा स्टुडिओ आहे. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि म्हणाला, "काका, हिचा एक डोळा खराब आला."

"मग दुरुस्त कर."

त्यानं डावा डोळा उचलला आणि उजव्याच्या जागी बसवला. पाच मिनिटांचं काम. "पाहा आता. बाहुली दिसून राहिली."

मी जाड लाकडाची फ्रेम केली. पुढच्या खोलीत दारासमोर लावली. आल्यागेल्याला दाखवत होतो. ज्योती त्या खोलीत झाडू मारायला यायची तेव्हा फोटोकडं पाहायची नाही. मला वाटे, तिला माझा राग आला आहे.

पंधरा-वीस दिवस

दसऱ्यानंतर पोट्टी उजव्या बाजूला धडकायला लागली. दाराची चौकट, पाण्याचा रांजण, माझी खाट. डोळा तिरपा झाला. ज्योती गजूच्या मागं लागली आणि गजू माझ्या. पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी टाकली, एक मिनिट पाहिलं आणि चिठ्ठी लिहून दिली. "आजच्या आज नागपूर," एवढंच म्हणाला. चहाही घेऊ दिला नाही.

नागपूरच्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. नंतर एका डॉक्टर मॅडमनं आम्हाला आत बोलावलं. बाई शांत होत्या, वयानं गजूएवढ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोळ्यात पांढरं पहिल्यांदा कधी दिसलं?"

मी म्हटलं, "पंधरा-वीस दिवस झाले असतील."

ज्योतीनं पर्समधून मोबाईल काढला, तो फोटो उघडला आणि टेबलावर मॅडमसमोर ठेवला. "सहा महिने," ती म्हणाली. माझ्याकडं पाहिलं नाही.

सुनेनं चारचौघांत मला खोटं पाडलं, हे त्या खोलीत माझ्या डोक्यात होतं. पोट्टीला काय झालं ते नंतर. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिलं.

मॅडमनी कॅन्सर हा शब्द लपवला नाही. म्हणाल्या, "हा डोळा काढावा लागेल, याच आठवड्यात. आत्ता आजार डोळ्याच्या आतच दिसतो आहे. आत आहे तोवर डोळ्यावर भागेल."

"दोन वर्षांच्या पोट्टीचा डोळा काढून टाकता? पुढं तिचं लग्न तुम्ही लावून देणार काय?"

"आजोबा, त्या डोळ्यानं तिला आजही काही दिसत नाही."

"तुम्ही तिच्या डोळ्यात बसून पाहिलं काय?"

 मी उठलो आणि म्हटलं, "चला." गजू उठला. मी उठलो आणि गजू बसून राहिला, असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. ज्योती खुर्चीवर तशीच बसली होती. पण पोट्टी गजूच्या खांद्यावर होती. मग तिलाही यावं लागलं.

त्या दारातून आम्ही बाहेर आलो तेव्हा आजार आत होता. हे वाक्य मी आजवर कोणाला बोलून दाखवलं नाही.

थेंब

अडीच महिने मी पोट्टीच्या डोळ्यात थेंब टाकले. एका गावचा वैद्य रस द्यायचा, तो सकाळ-संध्याकाळ. कोणी म्हणे नजर आहे, कोणी म्हणे डोळ्यात फूल पडलं, पिकलं की आपोआप गळेल. मी रोज सकाळी तिची पापणी उघडून म्हणायचो, "लाली कमी झाली." गजू म्हणायचा, "हो बाबा." ज्योती चुलीकडं तोंड करून उभी राहायची.

लाली कमी झाली नव्हती. डोळा मोठा होत चालला होता. पौषात पापणी मिटेनाशी झाली. पोट्टी झोपली तरी तो डोळा अर्धा उघडा.

मला दिसत होतं. दहा ओळी पलीकडचं संत्रं ज्याला दिसतं त्याला मांडीवरचं दिसत नव्हतं, असं कसं होईल. दिसत होतं. पण मी एकदा चला म्हणून उठलो होतो, आणि आता कोणत्या तोंडानं परत जाऊन बसायचं ते मला सुचत नव्हतं.

संक्रांतीला ज्योती म्हणाली, "मामाजी, हळदीकुंकवाले माहेरी जाऊन येते. चार दिवस." मी हो म्हटलं.

कैची

चौथ्या दिवशी मी बगीच्यात सल काढत होतो. माल तोडून झाला की झाडावर वाळलेल्या काड्या राहतात, त्यांना आम्ही सल म्हणतो. त्या कापाव्या लागतात, नाहीतर वाळवी, म्हणजे काडी वाळवत जाणारा रोग, खाली फांदीत उतरते. तेवढ्यात मास्तरचा फोन आला.

"राम राम, व्याही. आम्ही नागपूरला आहो. पोरीले भरती केलं. डोळा फारच पुढं आला होता. तुम्हाले राग येईन, तो निवांत या अन् इथं काढा."

मी फोन बंद केला. अंगावर मातीचे कपडे, खिशात कैची, तसाच स्टेशनवर जाऊन पॅसेंजर धरली. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत होतो. सून पळून गेली, व्याह्यानं घर फोडलं, आजच्या आज पोट्टीला घेऊन परत येतो. दवाखान्याच्या दारात चौकीदारानं खिशातली कैची काढून घेतली. ती मला परत कधी मिळाली नाही. मी पोट्टीला परत न्यायला गेलो होतो आणि दीड वर्ष तिथंच राहिलो.

खाटेवर ती बसली होती. हाताला सुई, डोळ्यावर ओली पट्टी, आणि पट्टीखाली लिंबाएवढा उंचवटा. मी उजवीकडून गेलो म्हणून तिला दिसलो नाही. मग तिनं पूर्ण मान वळवली, डाव्या डोळ्यानं मला शोधलं आणि म्हणाली, "आबाजी, संत्रं?"

संत्र्याचा बगीचा असलेला माणूस रिकाम्या हातानं आला होता.

ज्योती खाटेच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. "मामाजी, हिले हात लावाचा असन तर पहिले हात धुवा. अन् नेऊ म्हणत असान तर इथूनच परत जा."

लग्न होऊन पाच वर्षांत ती माझ्याशी एवढं लांब बोलली नव्हती. रस्ताभर जुळवलेलं सगळं माझ्या तोंडात होतं. पोट्टी हात पुढं करून बसली होती.

मी हात धुतले.

टोक

आधी किमो दिली. डोळा आत जावा म्हणून. चार वेळा. केस गेले, तोंडात फोड आले, पाण्याचा घोटसुद्धा ओरडत गिळायची. मग ऑपरेशन झालं आणि डोळा काढला. ज्या डोळ्यासाठी मी भांडून उठलो होतो तो गेलाच, आणि त्याच्यासोबत अडीच महिने गेले.

दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. मॅडमनी मला, गजूला आणि ज्योतीला बसवलं. त्या म्हणाल्या, "डोळ्याच्या मागची नस जेवढी लांब कापता येते तेवढी कापली. पण कापलेल्या टोकालाही आजार सापडला."

गजूनं विचारलं, "म्हणजे काय?" मॅडमनी कागदावर चित्र काढलं. गजूला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

मला पहिल्याच वाक्यात कळलं होतं. सल कापताना आम्ही वाळलेल्याच्या खाली बोटभर हिरवी काडी घेऊन कापतो. मग कापलेलं टोक पाहायचं. आत हिरवं-पांढरं दिसलं तर काम झालं. मधोमध भुरकट ठिपका दिसला तर वाळवी पुढं गेली, अजून खाली कापा. पन्नास वर्षं मी मजुरांना हेच सांगत आलो. टोक पाहिल्याशिवाय पुढच्या काडीला हात लावू नका म्हणून.

मी म्हटलं, "मॅडम, मग अजून चार बोटं खाली कापा ना."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "खाली मेंदू आहे, आजोबा."

 बाहेर आल्यावर बाकावर बसलो. गजू जमिनीकडं पाहत म्हणाला, "बाबा, तुम्ही उठले होते तवा. मी पण उठलो." बस. त्यानं मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. त्यानं अर्धा दोष स्वतःच्या अंगावर घेतला आणि मला भांडायला जागाच ठेवली नाही.

आता लाईट द्यायची होती, म्हणजे किरणं. तिकडं सगळे त्याला लाईटच म्हणतात. सोबत आणखी कडक किमो. मॅडम म्हणाल्या, "मेंदूच्या पाण्यात आणि हाडात अजून काही सापडलेलं नाही. तिथं पोचू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे."

दोन जिल्हे

आजारानं मला जेवढं थकवलं नाही तेवढं खिडक्यांनी थकवलं. इलाजाच्या कार्डावर जिल्हा छिंदवाडा लिहिलेला. जन्माचा दाखला नव्यानं काढला, त्याच्यावर जिल्हा पांढुर्णा. खिडकीतला माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, "हे दोन वेगळे पेशंट दिसतात."

"जिल्हा बदलला साहेब, पोट्टी तीच आहे."

"तिकडून पत्र आणा तसं."

"आम्ही कुठं हललो नाही. घर तिथंच आहे, विहीर तिथंच आहे. जिल्हाच चालत आमच्या अंगणात आला."

मागच्या रांगेतले हसले. तो हसला नाही. पत्रासाठी गजू तीन वेळा गेला. एकदा शिक्का नव्हता, एकदा सही. त्या दिवसांत पोट्टीची एक किमो आठ दिवस लांबली. आठ दिवस मी बाकावर बसून मनात एकच पाहत होतो, कापलेल्या टोकावरचा भुरकट ठिपका.

ज्यांच्याकडं असे दोन कागद असतील त्यांनी आधीच पत्र करून ठेवा. एवढंच सांगतो, नाहीतर माझं तोंड वाईट होतं.

उपाशी

लाईट पाच आठवडे होती. रविवार सोडून रोज, कधी शनिवारीही सुट्टी. लहान लेकरू मशीनखाली हलतं म्हणून रोज झोपेचं औषध देतात, आणि त्यासाठी उपाशी ठेवावं लागतं. रात्रीनंतर दूध नाही, बिस्कीट नाही. सकाळी थोडं पाणी. नंबर दहाला लागेल म्हणायचे आणि बारा वाजायचे. एक दिवस मशीन बंद पडलं. दोन वाजता सांगितलं, उद्या या.

अडीच वर्षांच्या पोट्टीला हे कसं समजवायचं. तिचे शब्दच मोजके. "आबाजी, भूक." दर पाच मिनिटांनी. शेजारी कोणी पुडा उघडला की आवाजाकडं मान वळायची. मी तिला उचलून कॉरिडॉरच्या टोकाला न्यायचो आणि खिडकीतून कबुतरं मोजायला लावायचो. एक, दोन, दोन, दोन. तिला तेवढंच येत होतं.

मग मी ठरवलं, ती खाईपर्यंत आपणही खायचं नाही. कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी रांगेत डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी फरशीवर बसलो. ज्योतीला कळलं. तिनं डबा उघडून माझ्यासमोर आदळला.

"मामाजी, तुमच्या उपाशी राहण्यानं मशीन सुरू होते काय? मले एक पेशंट पुरे आहे. खा, अन् मग जे येते ते करा. भांडा. तुम्हाले चांगलं भांडता येते ना?"

पोळी तोडता तोडता मी विचारलं, "तू माझ्यावर रागावली नाहीस काय?"

"नाही असं समजू नका," ती म्हणाली. "टाइम नाही मिळाला."

दुसऱ्या दिवसापासून मी भांडायला लागलो. मशीनच्या दारात एक इन्चार्ज होता, डोक्याला तेल चोपडलेला, हातात यादी. त्याला म्हटलं, मोठी माणसं चहा पिऊन येतात, लेकरं उपाशी येतात, लेकरं आधी घ्या.

"बाबाजी, नंबर म्हणजे नंबर."

"तुझ्या घरी जेवायला बसतात तेव्हा पण नंबर लावते काय?"

रोज सकाळी मी हेच विचारायचो. त्याच आवाजात, त्याच जागी उभा राहून. बाकी लेकरांच्या आया माझ्या मागं उभ्या राहायला लागल्या. तो मला पाहून यादीत तोंड घालायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी त्यानं दारावर कागद चिकटवला, नऊ ते साडेदहा लहान मुलं. मी जवळ जाऊन वाचला. तोच म्हणाला, "तुमच्या तोंडाला कंटाळून केलं, बाबाजी. आता तरी गप्प बसा."

त्या दिवशी पोट्टीनं सव्वादहाला खाल्लं. दवाखान्यातल्या दीड वर्षात माझ्या हट्टाचा तेवढा एक उपयोग झाला.

डाव्या बाजूला

किमोनंतर ताप यायचा. ताप आला की पळत भरती, दहा-दहा दिवस. पाठीत सुई घालून पाणी काढायचे, तेव्हा तिला मुटकुळं करून धरावं लागायचं. ज्योती धरायची. मी एकदा धरलं आणि परत धरू शकलो नाही. शेजारच्या खाटेवरचं एक लेकरू एका सोमवारी नव्हतं. चादर बदललेली होती.  त्या दिवशी सगळ्या आयांनी आपापली लेकरं मांडीवरच ठेवली.

चांगलंही लिहितो, नाहीतर म्हणतील म्हाताऱ्याला नुसतं कुरकुरणं येतं. वॉर्डात झाडपूस करणाऱ्या एक मावशी होत्या. रबराच्या हातमोज्यात फुंकर मारून कोंबडा करून द्यायच्या. पोट्टी सुई लावताना तो कोंबडा गळ्याशी धरायची. संत्र्याच्या दिवसांत गजू दर रविवारी बगीच्यातून पिशवी आणायचा. तिला कच्चं चालत नव्हतं, मग ती संत्री नुसती हातात घेऊन हुंगायची आणि आजूबाजूच्या आयांना वाटायची. मी तिच्या डाव्या बाजूला बसायची सवय लावून घेतली. जन्मभर मी उजव्या बाजूलाच बसत आलो होतो, घरात, पंगतीत, सगळीकडं.

खोटा डोळा बसवला त्या दिवशी तिनं आरसा पाहिला. मग मला विचारलं, "आबाजी, माझा डोळा कुठं गेला?"

"डॉक्टर मॅडमकडं."

"परत देतीन?"

मॅडमला मी पंधरा-वीस दिवस म्हणून चटकन सांगितलं होतं. इथं तसं जमलं नाही. "नाही बाई," म्हटलं, "परत नाही देत." तिनं थोडा विचार केला आणि कोंबडा मागितला.

पाहू

२०२५ मध्ये शेवटची किमो झाली. मग सगळ्या तपासण्या, डोक्याचा फोटो, पाठीतलं पाणी, हाडातलं. रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघं गेलो. तीच खोली, त्याच खुर्च्या. मॅडमनी सगळे कागद दोनदा पाहिले. माझं लक्ष त्यांच्या बोटाकडं होतं, ते कुठल्या ओळीवर थांबतं ते.

"आत्ता कुठंही काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

ज्योतीनं पदर तोंडात धरला. मी म्हटलं, "म्हणजे बरी झाली."

"आत्ता काही दिसत नाही. दोन महिन्यांनी परत पाहू."

"बरी झाली असं म्हणा ना एकदा."

"पाच वर्षांनी म्हणेन, आजोबा. डोळ्याच्या बाहेर गेलेला आजार आहे. आज म्हटलं तर ते खोटं होईल."

मला राग आला. दीड वर्ष घासल्यावर माणसाला एक सरळ शब्द मिळू नये. पाच वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा होईन, ऐकायला कान असतील की नाही कोणाला माहीत. पण या खेपेला मी उठलो नाही. मॅडम पुढच्या तारखा सांगत होत्या, त्या ऐकत बसलो. गजूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लिहून घे."

संध्याकाळी घरी पोचलो. दीड वर्षात पोट्टी घरी आली ती मधून मधून चार-आठ दिवसांसाठी, तेही आतल्या खोलीत, कोणाला न भेटता. त्या दिवशी ती पहिल्यांदा पुढच्या खोलीत मोकळी फिरली. दारासमोर थांबली. मान उजवीकडं वळवून तिनं भिंतीवरचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. साडेतीन वर्षांची झाली होती, आता तिला बोलता येत होतं.

"आबाजी, ही मी आहो?"

"हो."

"तवा माझा हा डोळा चांगला होता?"

ज्योती दारात चपला काढत होती. तिचा हात थांबला. गजू पिशव्या घेऊन तसाच उभा राहिला. हो म्हटलं असतं तर कोणी मला खोटं पाडलं नसतं. ज्योतीनंही नाही, एवढ्या छोट्या पोट्टीसमोर तिनं काही म्हटलं नसतं.

मी म्हटलं, "नाही बाई. तवाच खराब होता. तुया आईले दिसला होता. आबाजीनं काळा करून घेतला."

तिला किती कळलं माहीत नाही. ती आईकडं गेली आणि भात मागितला. ज्योती तिला घेऊन आत गेली, माझ्याजवळून जाताना एक क्षण थांबल्यासारखी वाटली. मी खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी चुलीपाशी गेलो आणि ज्योतीला म्हटलं, "तो फोटो आहे काय अजून मोबाईलमध्ये?" कोणता, हे तिनं विचारलं नाही. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "मी पण येते." पोट्टीला गजूजवळ ठेवून आम्ही दोघं बसनं पांढुर्ण्याला गेलो. मनोहरनं नुकतंच शटर वर केलं होतं, अगरबत्ती लावत होता. त्यानं ज्योतीच्या मोबाईलमधून फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि म्हणाला, "काका, हा तर तोच. खराबवाला."

"खराबच पाहिजे," मी म्हटलं. "मोठे सहा काढ. एक घरी, एक अंगणवाडीत, एक मंडीत लावतो, लोकायले असा डोळा ओळखता यावा म्हणून. बाकीचे ही सांगन तिथं."

ज्योतीनं मान हलवली. मनोहर हो हो म्हणत फोटो मोठा करत गेला, आणि पोट्टीचा चेहरा पडदाभर झाल्यावर त्याच्या हातानं सवयीनं बाण त्या पांढऱ्या डोळ्यावर नेला. मी त्याचं मनगट धरलं.